ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या चढासाठी पहिली ई-सायकल घेताय?
फिटनेससाठी घेताय ना, मग थ्रॉटल विसरा, अंगठा दाबून येऊर चढलात तर घाम कसला येणार! पेडल असिस्टवालीच, म्हणजे पेडल मारलं तरच मोटर मदत करते अशीच बघा, त्यातही टॉर्क सेन्सर असेल तर भारी, म्हणजे पाय जेवढा जोर लावतील त्या हिशोबाने मोटर मदत करते, साध्या सेन्सरला नुसतं पेडल फिरतंय एवढंच कळतं. मोटर २५० वॅट आणि स्पीड ताशी २५ किमीच्या आत असला की लायसन्स, रजिस्ट्रेशनची कटकट नाही. जाहिरातीतली रेंज चढावर मिळत नाही, बॅटरीचे ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर, एवढी ऊर्जा तिच्यात मावते, असं गणित करून मॉडेल्स कम्पेअर करा. आणि बॅटरी काढता येणारीच घ्या, म्हणजे चार्जिंगला नुसती तीच घरी नेता येते, लिफ्ट बंद असताना मी अख्खी सायकल चौथ्या मजल्यावर नेलीये, कंबरेला विचारा माझ्या. डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेत, पावसात उतरताना कळेल का ते.