मेडल मिळालं पण डीडी-२१४ वर नाही? रेकॉर्ड दुरुस्त करायला जाताना या चुका टाळा

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, अमेरिकन आर्मीतून व्हिएतनामला जाऊन आलेले. एकदा त्यांनी डिस्चार्जचा कागद दाखवला, म्हणजे तो डीडी-२१४, आणि मेडल्सच्या रकान्यात फक्त दोन नावं होती. पायात अजून छर्रे आहेत, गुडघ्याखाली हात लावला की कळतात, आणि कागदावर पर्पल हार्टचा, म्हणजे शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या मेडलचा, उल्लेखच नाही. त्यांनी आधी एकदा अर्ज केला होता, तो परत आला, आणि मग त्यांनी तो विषयच सोडला होता. पुढचं जवळपास दीड वर्ष मी त्यांच्यासोबत ही कागदपत्रं केली आणि त्यात ज्या चुका झाल्या, काही त्यांच्या काही माझ्या, त्या इथे लिहितोय. आपल्यातलीही बरीच मुलं अमेरिकन सैन्यात आहेत, काही २००८ ला जाहीर झालेल्या मावनी कार्यक्रमातून (ज्यात ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी लोकांनाही सैन्यात घेत) गेली, काहींचे सासरे किंवा जावई तिथले, त्यामुळे हे मराठीत असायला पाहिजे असं मनापासून वाटलं.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो कारण बाकीच्या निम्म्या त्यातूनच निघतात. "माझं मेडल राहिलंय" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, मेडल रीतसर मंजूर झालं, ऑर्डर निघाली, पण कागदावर टाईप करायचं राहिलं. दोन, ऑर्डर तुमच्या नावाने निघालीच नाही पण तुम्ही त्या काळात त्या जागी होता म्हणून तुमचा हक्क आहे, मोहिमेची मेडल्स किंवा युनिटला मिळालेले सन्मान असे असतात. तीन, कोणीतरी शिफारस करायला हवी होती आणि ती झाली नाही, किंवा झाली पण कुठेतरी हरवली. या तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत आणि आजोबांनी पहिल्याच वेळी थेट शेवटच्या दरवाजावर टकटक केली होती, म्हणून अर्ज परत आला.

पहिल्या दोन प्रकारांसाठी सुरुवातीलाच रेकॉर्ड दुरुस्तीच्या बोर्डाकडे जायचं नाही. सेंट लुईसला नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर आहे, तिकडे एसएफ-१८० फॉर्म भरून किंवा ऑनलाईन विनंती करायची, ते फाइल तपासतात, गरज पडली तर त्या त्या सेवेच्या ऑफिसकडे पाठवतात, आर्मीचं फोर्ट नॉक्सला, नेव्हीचं मिलिंग्टनला, एअर फोर्सचं टेक्सासमधल्या रँडॉल्फला. दुरुस्ती मान्य झाली की बहुतेक वेळा डीडी-२१५ नावाचा वेगळा कागद मिळतो, जुना डीडी-२१४ नवीन करून देत नाहीत. बरेच जण डीडी-२१५ आला की वैतागतात, म्हणतात आम्हाला नवीन फॉर्म हवा होता. अहो तोच दुरुस्तीचा कागद आहे, तो जुन्याला जोडून ठेवायचा.

बोर्ड म्हणजे बोर्ड फॉर करेक्शन, आर्मीचं वेगळं, नेव्ही आणि मरीन्सचं एक, एअर फोर्सचं वेगळं (स्पेस फोर्सचंही तेच बघतं), कोस्ट गार्डचं वेगळं. तिथला फॉर्म डीडी-१४९. खालच्या ऑफिसने नाही म्हटलं की तो नकाराचा कागद जोडून मग बोर्डाकडे जायचं, आधी खालचे मार्ग संपवा हीच त्यांची अट असते. आणि डीडी-२९३ भरू नका, तो डिस्चार्जचा प्रकार बदलून घ्यायचा फॉर्म आहे, मेडल्सशी त्याचा संबंध नाही. नावं इतकी सारखी आहेत की घोळ होतोच.

आता पुराव्याबद्दल, कारण खरं काम इथेच आहे. लोक काय करतात, फक्त डीडी-२१४ ची कॉपी मागवतात आणि त्यावरच वाद घालतात. ज्या कागदावर चूक आहे तोच पुरावा म्हणून कसा चालेल? पूर्ण फाइल मागवा, आणि विनंतीत स्पष्ट लिहा की संपूर्ण ओएमपीएफ, म्हणजे सैनिकाची अधिकृत वैयक्तिक फाइल, हवी, मेडिकलचे कागद पण हवेत. आजोबांची फाइल आली तेव्हा त्यात डीए फॉर्म २० होता, त्या काळच्या शिपायाचं सगळं सर्व्हिस कार्ड म्हणा, त्यात ४० नंबरचा रकाना जखमांचा आणि ४१ नंबरचा मेडल्सचा. ४० मध्ये तारखेसकट जखम लिहिलेली होती!! पन्नास वर्षं तो कागद तिथे पडून होता आणि कोणी बघितला नव्हता. मी तो बघितला तेव्हा हात थरथरले माझे, खोटं नाही सांगत.

पण तेवढ्याने पर्पल हार्ट मिळत नाही, हे पण समजून घ्या. तीन गोष्टी दिसाव्या लागतात, जखम शत्रूच्या कारवाईमुळे झाली, तिला डॉक्टरकडून उपचार लागले, आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद झाली. यातली एक जरी राहिली तरी नकार येतो. गाडी उलटून हात मोडला, तंबूत पडलो, हे लढाईच्या भागात झालं तरी त्यात बसत नाही, शत्रूचा संबंध दाखवावाच लागतो. आर्मीची व्हिएतनाममधल्या जखमी आणि मृतांची एक यादी आहे, बोर्ड ती तपासतं, म्हणून अर्जात तारीख, युनिट आणि जागा जितकी नेमकी देता येईल तितकी द्या. "१९६८ च्या आसपास कधीतरी" असं लिहून कोणी शोधत नाही. त्या काळातले युनिटचे रोजचे जर्नल कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्या दिवशी त्या कंपनीवर काय झालं ते त्यात सापडू शकतं.

सोबत्यांची पत्रं लोक हमखास चुकीची आणतात. "ते फार शूर होते आणि त्यांना मेडल मिळायलाच हवं" असं दोन पानं लिहून आणतात, भावना खरी आहे पण त्याने काही सिद्ध होत नाही. सोबत्याने लिहायचं की मी कुठल्या कंपनीत होतो, कुठल्या दिवशी, कुठे, मी स्वतः डोळ्यांनी काय बघितलं, जखमी झाल्यावर याला कोण उचलून कुठे घेऊन गेलं. सोबत त्याच्या स्वतःच्या डीडी-२१४ ची कॉपी, म्हणजे तो खरंच त्या युनिटमध्ये होता हे दिसतं. आणि हे काम पुढे ढकलू नका हो. आजोबांच्या प्लाटूनमधल्या ज्या माणसाचं पत्र सगळ्यात उपयोगी पडलं असतं तो आम्ही फोन नंबर शोधायच्या आठ महिने आधी गेला होता.

अजून एक, ओरिजिनल कागद कुठेही पाठवू नका. कॉपी पाठवा, आणि जे पाठवलं त्याचा एक पूर्ण सेट घरी ठेवा, तारखेसकट.

आता ज्यांची फाइलच नाही त्यांचं. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या त्या सेंटरला आग लागली आणि साधारण १.६ ते १.८ कोटी फाइली गेल्या. आर्मीच्या १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्यांच्या अंदाजे ८० टक्के, आणि एअर फोर्सच्या १९४७ ते १९६४ मधल्या, हबर्ड या आडनावाच्या पुढच्या अक्षरांच्या, ७५ टक्के. डुप्लिकेट नव्हत्या, मायक्रोफिल्मही नव्हती. "फाइल जळाली" असं उत्तर आलं की बहुतेक घरं तिथेच थांबतात, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण आगीत सगळं गेलं नाही. शेवटच्या पगाराची व्हाउचर वेगळी ठेवलेली होती. व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, कधी क्लेम केला असेल तर ती फाइल वेगळी. युद्धानंतर कित्येकांनी आपला डिस्चार्ज काउंटीच्या कोर्टात नोंदवून ठेवला होता, तिथे विचारा. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि कोरियातल्या जखमींसाठी आर्मीच्या सर्जन जनरल ऑफिसच्या हॉस्पिटल ॲडमिशनच्या नोंदी आहेत. आणि माळ्यावरची ट्रंक उघडा, आईला आलेली तार, हॉस्पिटलमधून लिहिलेलं पत्र, गावच्या पेपरचं कात्रण, हे सगळं जोडता येतं.

हक्काची मेडल्स राहून जातात त्याचं एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. ती माणूस सुटल्यावर जाहीर झालेली असतात! कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडलचा कायदा २००२ चा, पण ते २८ जुलै १९५४ पासूनच्या सेवेला लागू आहे, सलग ३० दिवस किंवा तुटक ६० दिवस तिथे ड्यूटी केली असेल तर. म्हणजे १९७५ ला कोरियातून घरी आलेल्या माणसाच्या डीडी-२१४ वर ते असणं शक्यच नाही. तसंच व्हिएतनामचं, आर्मीच्या १९७४ च्या जनरल ऑर्डर क्रमांक ८ ने तिथल्या आर्मी युनिट्सना व्हिएतनामचा गॅलंट्री क्रॉस युनिट सन्मान दिला, आणि आजोबा सुटले १९७० ला. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या इन्फंट्रीवाल्याला कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज मिळालाय, ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातला, त्याला त्यावरच ब्रॉन्झ स्टार मेडलचा हक्क आहे, आणि किती घरात ते माहीतच नाही. वडील किंवा आजोबा गेले असतील तरी कागद काढून बघा.

उलट बाजूची चूक पण सांगतो. युनिटला प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन मिळालंय म्हणून आपल्याला मिळालंय असं नसतं. आर्मीत नंतर युनिटमध्ये आलेला माणूस ती रिबन युनिटमध्ये असेपर्यंत लावू शकतो, पण कायमचा हक्क त्याचाच जो ती कामगिरी झाली तेव्हा तिथे होता. आणि कोल्ड वॉर रेकग्निशन सर्टिफिकेट हे मेडल नाही, ते डीडी-२१४ वर चढत नाही, त्यासाठी भांडू नका.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे शिफारसच झाली नाही किंवा हरवली, इथे स्वतःची शिफारस स्वतः करता येत नाही. त्या वेळच्या वरिष्ठाने किंवा प्रत्यक्ष बघितलेल्याने लिहावी लागते, आर्मीत डीए फॉर्म ६३८ वर, प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या लावून. मुदत संपलेली असेल तर आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्यामार्फत पाठवायची, कायद्याच्या दहाव्या टायटलमधलं ११३० कलम त्यासाठीच आहे. त्यांच्या ऑफिसमध्ये या कामाला माणसं असतात, फक्त प्रायव्हसीचा संमतीचा फॉर्म सही करून द्यावा लागतो, नाहीतर ते कुठेही विचारू शकत नाहीत. हा फॉर्म विसरून आम्ही पाच आठवडे घालवले.

बोर्डाची मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं आहे. हे वाचून "आता काय उपयोग" म्हणून सोडून देणारे खूप. पण न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर बोर्ड ती मुदत माफ करू शकतं, आणि फॉर्मवरच त्यासाठी जागा आहे, उशीर का झाला ते लिहायची. ती जागा रिकामी सोडू नका, साधं खरं लिहा. आजोबांनी लिहिलं की मला वाटायचं ज्यांनी पाय गमावले त्यांच्यासमोर मी काय मागणार.

छोट्या चुका भराभर सांगतो. आर्मीत १ जुलै १९६९ च्या आधी सोशल सिक्युरिटी नंबर नव्हे तर वेगळा सर्व्हिस नंबर होता, जुन्या माणसाचा तोच द्या. नाव सेवेच्या वेळी जसं होतं तसंच लिहा. आपल्या मुलांचं इथे हमखास फसतं, वडिलांचं नाव मधे, कधी फक्त अक्षर, नागरिकत्व घेताना स्पेलिंग बदललेलं, मग फाइल सापडत नाही. नॅशनल गार्डवाल्यांनी एनजीबी-२२, म्हणजे गार्डमधून सुटल्याचा कागद, पण तपासावा. वारसाने अर्ज केला तर नातं आणि मृत्यूचा दाखला जोडा. आणि कोणाला पैसे देऊ नका, काउंटीचे व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, आणि अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात.

कोणी विचारतं, एवढ्या वर्षांनी एका रिबनसाठी एवढं कशाला. पर्पल हार्ट रेकॉर्डवर आलं की व्हीएच्या हॉस्पिटलमध्ये प्रायॉरिटी ग्रुप ३ मिळतो, सरकारी नोकरीच्या भरतीत १० पॉइंट मिळतात, ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्या सैनिकांना शिक्षणाचे पूर्ण फायदे मिळतात, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत दफनाचा हक्क येतो. लढाईचा बॅज कागदावर असेल तर मानसिक आघाताच्या क्लेममध्ये तो प्रसंग घडला की नाही हे पुन्हा सिद्ध करत बसावं लागत नाही. माझ्यासाठी तरी हे कारण पुरेसं आहे.

आजोबांचा डीडी-२१५ आला तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक ओळ वाचली. पर्पल हार्ट होतं. पण व्हिएतनाम सर्व्हिस मेडलवर प्रत्येक मोहिमेचा एक छोटा कांस्य तारा असतो, त्यांच्या वर्षभरात चार मोहिमा येत होत्या आणि कागदावर तारे तीनच. म्हणून आलेला कागद पण तपासा. आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा पत्र पाठवलं, मोहिमांच्या तारखा आणि त्यांची तिथे पोचल्याची-निघाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून, आणि यावेळी पत्र आजोबांनी स्वतः टाईप केलं.