'सँक्शन' म्हणजे मंजुरी की निर्बंध? नव्या अनुवादकांसाठी

इंग्रजीतून मराठीत अनुवादाचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना अनोळखी शब्दांची फार धास्ती वाटते. माझ्या मते ती धास्ती अनाठायी आहे. अनोळखी शब्द आपल्याला थांबवतो, शब्दकोश उघडायला लावतो, आणि म्हणूनच त्याच्यापासून फारसा अपाय होत नाही. खरा धोका असतो तो शाळेपासून ओळखीच्या असलेल्या, पण पोटात दोन परस्परविरुद्ध अर्थ बाळगणाऱ्या शब्दांचा. इंग्रजीत त्यांना 'कॉन्ट्रोनिम' म्हणतात. दोन दिशांना दोन तोंडे असलेल्या जेनस या रोमन देवतेवरून 'जेनस वर्ड' असेही म्हणतात. त्यांची नेहमीची उदाहरणे तुम्हाला ठाऊक असतील असे धरून मी थेट मुद्द्यावर येते.

मला सर्वाधिक झुंजवले ते 'सँक्शन' या शब्दाने. कर्ज सँक्शन झाले, पद सँक्शन झाले, अशा वाक्यांतून आपण तो शिकतो आणि मंजुरी हा अर्थ इतका घट्ट बसतो की त्याच्यापलीकडे काही असेल अशी शंकाही येत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय घडामोडींचा मजकूर हाती येतो. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ द्वारे इराकवर लादले ते 'सँक्शन्स', म्हणजे व्यापारी आणि आर्थिक निर्बंध. इथपर्यंत काम सोपे आहे, कारण अनेकवचन दिसले की निर्बंध हा अर्थ बहुधा आपोआप सुचतो. अडचण सुरू होते ती हाच शब्द क्रियापद किंवा विशेषण होऊन आला की. न्यायालयाने करार 'सँक्शन' केला याचा अर्थ मान्यता दिली; न्यायालयाने वकिलाला 'सँक्शन' केले याचा अर्थ, विशेषतः अमेरिकी कायद्याच्या भाषेत, त्याला शिक्षा केली. कर्ता तोच, क्रियापद तेच, काळही तोच. फक्त कर्म बदलले आणि अर्थ उलटा झाला. 'सँक्शन्ड लोन' म्हणजे मंजूर कर्ज, पण 'सँक्शन्ड बँक' म्हणजे जिच्यावर निर्बंध आहेत अशी बँक. तिला 'मान्यताप्राप्त बँक' असे लिहिले तर मराठी वाक्य अत्यंत सुरळीत वाचले जाते, आणि नेमका हाच सापळा आहे.

हा सापळा मी थोडा अधिक उलगडून सांगते, कारण पुष्कळ जण तो ऐकून मान डोलावतात आणि तरीही त्यात अडकतात. सामान्यतः शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला की वाक्य लंगडते, आणि ते लंगडणेच आपल्याला सावध करते. विरुद्धार्थी जोडीच्या बाबतीत ही सोय नसते. मंजुरी आणि निर्बंध या दोन्ही गोष्टी अधिकार असलेली संस्थाच देते किंवा लादते, दोन्ही गोष्टी व्यक्ती, व्यवहार आणि संस्था यांच्याच संदर्भात घडतात, आणि दोन्ही गोष्टी तशाच प्रकारच्या वाक्यांत बसतात. दोन विरुद्ध अर्थांमध्ये दिशा सोडून बाकी जवळजवळ सगळे समान असते; म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी व्याकरण तक्रार करत नाही, ओघ तुटत नाही आणि कानालाही काही खटकत नाही. आपले भाषांतर मोठ्याने वाचून तपासावे हा सल्ला इतरत्र उत्तम आहे, परंतु इथे तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. तपासायचे असेल तर मूळ मजकुराशी, शब्दाशेजारी शब्द ठेवूनच तपासावे लागते.

तरीही घाबरण्याचे कारण नाही, कारण हे कौशल्य तुमच्याजवळ आधीपासून आहे. मराठीत 'परवा' हा शब्द होऊन गेलेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना चालतो, आणि 'परवा आले' व 'परवा येईन' यांत लहान मुलाचाही गोंधळ होत नाही. तिथे क्रियापदाचा काळ निर्णय देतो. इंग्रजी वाक्यात तेच काम करणारी खूण कोणती, एवढेच आपल्याला शोधायचे असते, आणि ती बहुतेक वेळा अगदी किरकोळ वाटणाऱ्या ठिकाणी असते.

'ओव्हरसाइट' पाहा. त्याच्या आधी 'ॲन' आले असेल तर बहुतेक वेळा ती नजरचूक असते. 'ॲन' नसताना, विशेषतः समिती, संसद किंवा नियामक यांच्या संगतीत, ती देखरेख असते. एका उपपदावर एवढा भार असेल ही कल्पना मराठी मनाला सहज शिवत नाही, कारण आपल्या भाषेत उपपदेच नाहीत आणि वाचताना आपण ती नकळत गाळतो. ती गाळणे थांबवा. 'क्लीव्ह' या शब्दात खूण पुढच्या शब्दयोगात असते: 'टू' किंवा जुना 'अंटू' आला तर चिकटून राहणे, दोन भागांचा उल्लेख आला तर चिरणे. हे मुळात प्राचीन इंग्रजीतले दोन वेगळे शब्द होते आणि काळाच्या ओघात त्यांचे रूप एक झाले. 'सँक्शन'चे तसे नाही. त्याचे मूळ कायद्याला पावित्र्य आणि अधिष्ठान देण्याच्या लॅटिन कल्पनेत आहे. कायद्याला बळ देणारी शिक्षा आणि कृतीला बळ देणारी मान्यता असे दोन फाटे त्या एकाच मुळातून फुटले. शब्दाचा असा इतिहास एकदा वाचला की तो पुन्हा निसटत नाही, म्हणून व्युत्पत्ती देणारा मोठा कोश जवळ ठेवण्याचा आग्रह मी धरते.

काही शब्दांची खूण मात्र वाक्यात नसतेच. ती लेखकाच्या देशात असते. 'टेबल' हे क्रियापद ब्रिटिश वापरात विषय चर्चेसाठी मांडणे, सभागृहाच्या पटलावर ठेवणे या अर्थी येते, तर अमेरिकेत तोच विषय बाजूला ठेवणे या अर्थी. दुसऱ्या महायुद्धावरील आपल्या ग्रंथात चर्चिल यांनी नोंदवले आहे की दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत या एका शब्दावरून दीर्घ आणि कडवट वाद झाला, आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती हे नंतर लक्षात आले. त्यामुळे मजकूर कोठून आला हे विचारल्याशिवाय पहिले वाक्यही लिहू नये.

व्यवसायागणिक बदलणारे शब्द याहून त्रासदायक. 'क्वालिफाइड' म्हणजे पात्र, हे आपण गृहीत धरतो. पण लेखापरीक्षकाने 'क्वालिफाइड ओपिनियन' दिले असेल तर त्याने आक्षेप नोंदवून, काही बाब वगळून मत दिलेले असते, आणि 'अनक्वालिफाइड ओपिनियन' हेच कंपनीला हवे असलेले स्वच्छ मत असते. आर्थिक अहवालांची कामे घेणार असाल तर एवढा एक शब्द आजच पक्का करा. तो उलटा लिहिला गेला तर त्या अनुवादाला काहीही किंमत उरत नाही.

असे शब्द एकत्र करून दिलेल्या याद्या सर्वत्र मिळतात. त्या पाठ करण्यात वेळ घालवू नये असे माझे ठाम मत आहे, कारण यादी शब्द दाखवते, खूण दाखवत नाही. खिशात मावणाऱ्या द्विभाषिक कोशांबद्दलही मला आस्था नाही. स्वल्पविराम देऊन दोन उलट अर्थ शेजारी छापले की त्यांची जबाबदारी संपते. आणि 'संदर्भावरून कळते' एवढेच सांगणारा मार्गदर्शक कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडून हा भाग शिकता येत नाही. वाक्यातल्या कोणत्या शब्दावरून तू हा अर्थ ठरवलास, असे बोट ठेवून विचारणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. तसा कोणी नसेल तर हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागते. ती हळूहळू लागते, पण लागते.

कधीकधी मूळ वाक्यच खरोखर संदिग्ध असते. मंडळाच्या 'ओव्हरसाइट'मुळे तोटा झाला, असे लिहिणाऱ्याला देखरेख म्हणायचे आहे की दुर्लक्ष, हे ना उपपद सांगते, ना मागचापुढचा परिच्छेद. अशा वेळी अंदाज बांधू नये आणि दोन्ही अर्थ निघतील असे गुळमुळीत मराठीही लिहू नये. दोन्ही अर्थांची दोन पूर्ण मराठी वाक्ये तयार करावीत, मूळ वाक्यासह ती काम देणाऱ्याकडे पाठवावीत आणि उत्तर येईपर्यंत तो परिच्छेद उघडा ठेवावा. नवख्या माणसाला असे विचारणे कमीपणाचे वाटते, मलाही बराच काळ वाटत असे. परंतु मूळ लेखकाला आपल्या वाक्यात दोन अर्थ आहेत हे अनेकदा त्या प्रश्नामुळेच प्रथम कळते, आणि तो इंग्रजी मसुदाही दुरुस्त करतो.