हेडलाईट घरी चमकवताय? मग या चुका टाळा

सोलापुरात गाडी बारा महिने उघड्यावर लावायची आणि हेडलाईट पिवळी पडू नये म्हणायचं, जमत नसतंय ते. हल्लीच्या गाड्यांची हेडलाईट पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, त्यावर कंपनीतून एक कडक कोटिंग येतं जे अतिनील किरणं अडवतं, ते उन्हानं गेलं की खालचं प्लास्टिक पिवळं आणि खरखरीत व्हायला लागतं.

सगळ्यात मोठी चूक टूथपेस्टची. व्हिडिओ बघून घासतात, चकाचक दिसतं, फोटो स्टेटसला जातो आणि थोड्याच महिन्यांत जैसे थे. टूथपेस्ट काय, रबिंग कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) काय नि वॉटर पेपर (पाणी मारत घासायचा सँडपेपर) काय, सगळे फक्त वरचा खराब थर काढतात, नवीन संरक्षण कुणीच देत नाही, उलट कंपनीचं उरलंसुरलं कोटिंगपण तुम्हीच घालवलेलं असतं. म्हणून यूव्हीवाला क्लिअर कोट, म्हणजे अतिनील किरणं अडवणारा पारदर्शक थर, आणल्याशिवाय घासायला बसूच नका. वॅक्सवर भागवायचं असेल तर ते सारखं सारखं लावत बसावं लागतं.

घासायच्या आधी लाईटवर पाणी मारून बघा. ओली असताना स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे, घासून जाईल. ओली असतानाही धुरकटच दिसली तर आतून वाफ धरलीय किंवा प्लास्टिकच्या आत बारीक तडे गेलेत, मग बाहेरून कितीपण घासा, हात दुखण्यापलीकडं काही मिळत नाही, आधी मागचं रबर नि सील बघा.

पेपरात घाई नको. पेपरचा नंबर जितका कमी तितका तो खरखरीत. कोटिंगचे पापुद्रे निघत असतील तर ८०० पासून सुरू करा, नुसतं पिवळं असेल तर १५०० पण पुरतो. ८०० वरून थेट ३००० वर उडी मारली की खोल ओरखडे तसेच राहतात आणि रात्री समोरून लाईट आली की सगळे दिसतात. ८०० च्या पुढचा क्रम १०००, १५००, २०००, ३००० असा ठेवा, दरवेळी घासायची दिशा बदला, पाणी भरपूर. मधे लाईट पांढरीफटक होते तेव्हा लोक घाबरून थांबतात, थांबू नका, तसंच होतं. जुनं कोटिंग अर्धवट राहिलं तर मात्र डागाची कड शेवटपर्यंत दिसते, ते पूर्ण काढाच. बोनेट-बंपरला मास्किंग टेप लावायचा कंटाळा केला तर रंगाचं काम वेगळं निघेल.

कोट दुपारच्या उन्हात मारू नका. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीपार असतो, लाईट तापलेली असते, कोट पसरायच्या आत सुकतो आणि वर वाऱ्याची धूळ चिकटते. सकाळी लवकर, सावलीत, पातळ हात. टू-के स्प्रे (हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर कोट) जास्त टिकतो पण त्याची वाफ फुफ्फुसाला घातक असते, साधा रुमाल बांधून चालत नाही, त्यासाठीचा फिल्टरवाला मास्कच लागतो, तो नसेल तर हे काम पेंटरकडंच द्या.

पेट्रोल, थिनर, डास पळवायचा स्प्रे वगैरे उपाय कुणी सांगितले तर ऐकून सोडून द्या, प्लास्टिकला तडे जातात. उजेड कमी पडतोय म्हणून १०० वॅटचा बल्ब टाकायचा जुगाडपण नको, उष्णतेनं रिफ्लेक्टर आणि वायरिंग जातं, उजेड धुरकट काचेत विखरतो तो वेगळाच.

टेललाईट बहुतेक ॲक्रिलिकची असते, सहसा पिवळी पडत नाही, निस्तेज होते. तिला ८०० चा पेपर लावायचं कामच नाही, आधी कंपाउंड मारून बघा, लई ओरखडे असतील तरच २००० चा हलका हात फिरवा. मशीननं पॉलिश करत असाल तर पॅड एका जागी टेकवून ठेवू नका, प्लास्टिक वितळतं.