पारा गेला कुठे? धूरवायूतल्या पाऱ्यावर संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातला पारा कॅटॅलिस्टने (उत्प्रेरकाने) आवरायचा, या विषयावर पीएचडी घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅंगनीज घेऊ की सेरियम? माझं उत्तरही ठरलेलं आहे. ते नंतर बघू, आधी पारा मोजायला शिका.

मूळ रसायन तुम्हाला माहीत आहे असं धरते. भट्टीत सगळा पारा मूलद्रव्याच्या वाफेत असतो. वायू थंड होताना क्लोरीनमुळे त्यातला काही मर्क्युरिक क्लोराइड बनतो. हा पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या स्क्रबरमध्ये, म्हणजे धूर पाण्याच्या फवाऱ्याने धुणाऱ्या यंत्रणेत, पकडला जातो. मूलद्रव्यी पारा मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याचं ऑक्सिडीकरण करायचं, एवढंच कॅटॅलिस्टचं काम. नायट्रोजन ऑक्साइडसाठी बसवलेला व्हॅनेडियम-टंगस्टन-टिटानियाचा एससीआर (अमोनिया सोडून नायट्रोजन ऑक्साइड काढणारा) कॅटॅलिस्ट ३०० ते ४०० अंशांना हे जाता जाता करतो. फक्त वायूत हायड्रोजन क्लोराइड पुरेसा हवा, आणि अमोनिया कमी, कारण तो पृष्ठभागावरच्या जागा अडवून बसतो.

आता तो सापळा, ज्यात माझे सुरुवातीचे सगळे आलेख गेले.

रिअ‍ॅक्टरमध्ये ताजा कॅटॅलिस्ट भरला, पारा सोडला, बाहेरच्या अ‍ॅनालायझरचं रीडिंग झरकन खाली आलं. आत वजा बाहेर, भागिले आत: ९० टक्क्यांच्या वर! पण थांबा. बहुतेक अ‍ॅनालायझरना फक्त मूलद्रव्यी पारा दिसतो. जो दिसेनासा झाला त्याचं ऑक्सिडीकरण झालं, की तो बेडवर, म्हणजे भरलेल्या कॅटॅलिस्टच्या थरावर, नुसता चिकटून बसला? रीडिंग दोन्ही वेळा सारखंच पडतं. मॅंगनीज ऑक्साइड तर १५० अंशांच्या आसपास तासन् तास पारा गिळत राहतो. तुमची रन दोन तासांची असेल तर तुम्ही कॅटॅलिस्ट नाही, शोषक तपासलात. वीजकेंद्रात तोच बेड हजारो तास चालायचा असतो. तो भरला की पुढचा पारा सरळ चिमणीतून जाणार.

म्हणून आधी रिकाम्या रिअ‍ॅक्टरची रन घ्या. मग हायड्रोजन क्लोराइडशिवाय पारा सोडत राहा, बाहेरचं रीडिंग आतल्याइतकं होईपर्यंत. कंटाळा येईल, येऊ द्या. त्यानंतरच हायड्रोजन क्लोराइड सुरू करा. त्या क्षणी रीडिंग उलट उसळलं तर घाबरू नका. चिकटलेल्या पाऱ्याला क्लोराइड जागेवरून हुसकावतो. बाहेरच्या वायूचे दोन भाग करा. एक स्टॅनस क्लोराइडमधून न्या, म्हणजे सगळा पारा मूलद्रव्यी होऊन एकूण आकडा मिळेल. दुसरा पोटॅशियम क्लोराइडमधून न्या. ऑक्सिडीकृत पारा त्यात अडकतो, उरलेला मोजला जातो. एकूण आकडा आतल्याशी जुळला, तरच दोन्हींमधला फरक म्हणजे तुमच्या कॅटॅलिस्टने केलेलं ऑक्सिडीकरण. ताळा ९० टक्क्यांच्या खाली गेला की मी ती रन सरळ फेकते. शेवटी बेड तापवून त्यातून किती पारा सुटतो तेही बघा.

यातही एक चोरवाट आहे. वायूत मुक्त क्लोरीन असेल आणि सल्फर डायऑक्साइड नसेल, तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ऑक्सिडीकरण होतं आणि श्रेय कॅटॅलिस्टला जातं. द्रावणात थोडं सोडियम थायोसल्फेट घातलं की हे थांबतं. सिलिकॉनच्या नळ्या तर आजच काढून टाका. टेफ्लॉनच वापरा, आणि तीही गरम ठेवून.

नायट्रोजन-ऑक्सिजनच्या स्वच्छ मिश्रणात मिळालेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, मग ते कुणाचेही असोत. खऱ्या धुरात सल्फर डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. सल्फर डायऑक्साइडने मॅंगनीजचा सल्फेट होतो आणि सुंदर आलेख झोपतो. हे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांत कळलेलं बरं. गाईड निवडताना त्यांचे किती पेपर आहेत हे विचारू नका. ते विद्यार्थ्यांच्या कच्च्या फाइली उघडून बघतात का, हे सीनियर्सना विचारा. माझा अर्धा विषय मला लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी शिकवला.

भारताचा संदर्भ जोडताना जपून. औष्णिक वीजकेंद्रांसाठीच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या कोळशात टनाला सरासरी ०.१४ ग्रॅम पारा आणि किलोमागे ढोबळ सहा घनमीटर धूरवायू धरला, तर काहीही न करता घनमीटरला २३ मायक्रोग्रॅमच्या आसपास येतात. त्यातलाही काही राखेसोबत ईएसपीत (विजेच्या भाराने राख पकडणाऱ्या यंत्रणेत) अडकतो. अमेरिकेतली मर्यादा याच्या कितीतरी खाली आहे, म्हणून हे क्षेत्र तिकडे वाढलं. शिवाय ऑक्सिडीकरण झालेला पारा धरायला स्क्रबर लागतो, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांना तो बसवण्यातून सूट मिळाली. ‘माझ्या कॅटॅलिस्टने चंद्रपूरचा प्रश्न सुटेल’ असं मुलाखतीत म्हणालात, तर समोरचा विचारणारच: मग पकडणार कशात?

याने खचू नका. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलंय, नियम बदलत राहतात. सिमेंटच्या भट्ट्या आणि कचरा जाळणारी संयंत्रंही पारा सोडतात. आणि मायक्रोग्रॅममधल्या पाऱ्याचा ताळा जुळवता येणारी माणसं फार नाहीत. चिमणी-चाचणीपासून कॅटॅलिस्ट बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत त्यांना काम मिळतं.

रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणारा वायू आम्लयुक्त परमँगनेट आणि मग सक्रिय कार्बनमधून न्या, हूडच्या (लॅबमधली वायू बाहेर ओढणारी पेटी) भरवशावर सोडू नका. आणि पहिली लांब रन शुक्रवारी संध्याकाळी लावू नका. बेड भरायला रात्र लागली, तर तिथे कुणीतरी जागं असायला हवं.