डॉक्टर, पेशंट आणि महापालिका यांना एका टेबलावर कसं आणायचं

ठाण्यात किंवा वाशीत डॉक्टरांची संघटना चालवताय आणि आरोग्य धोरणावर बोलायचंय, तर आधी युरोपात कसं करतात ते बघा. तिकडच्या काही वैद्यकीय संघटनांनी मिळून 2010 मध्ये बायोमेड अलायन्स काढली, म्हणजे ब्रुसेल्समध्ये, जिथे युरोपियन युनियनचे निर्णय होतात, सगळ्यांचा आवाज एकत्र जातो.

पहिलं काम, पेशंटना सुरुवातीलाच बोलवा, मसुदा झाल्यावर सहीपुरतं नाही. डायलिसिसचा विषय असेल तर डॉक्टर मशीन किती हवीत ते सांगतील, पण चार तास मशीनवर काढून चक्कर येत असताना कळव्याहून दिव्याला गर्दीच्या लोकलने जायचं कसं, हे पेशंटच सांगणार, आणि माझ्या मते मागणीपत्रात तेच सगळ्यात वर हवं.

मग पैसे. औषध कंपनीने खर्च केला असेल तर कागदावर स्पष्ट लिहा. युरोपियन युनियनमध्ये लॉबिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे धोरण आपल्या बाजूने वळवायला बघणाऱ्यांसाठी, पारदर्शकता रजिस्टर आहे, त्यात निधीची माहिती द्यावी लागते.

आणि वेळ पाळा. युरोपियन कमिशन, म्हणजे युनियनचं कारभार चालवणारं मंडळ, जाहीर सल्लामसलतीला साधारण 12 आठवडे देतं. आपल्याकडे महापालिकेच्या बजेटआधीच, दिवाळी झाली की लगेच, दोन पानी निवेदन आरोग्य अधिकारी आणि नगरसेवक दोघांनाही द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी परत जा.