विंडोज ११ टाकल्यावर जुना लॅपटॉप मंदावला? आधी कुठे अडतंय ते शोधा

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे कितीतरी जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ चढलं. मायक्रोसॉफ्टच्या अटींत ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि ६४ जीबी जागा पुरेशी म्हटली आहे. तेवढ्यावर ते सुरू होतं हे खरं, पण त्यावर सुखाने काम करता येईल असं अटींत कुठे लिहिलेलं नाही. मग कोणी क्लीनर डाउनलोड करतो, कोणी फॉरमॅट मारून घेतो, कोणी थेट नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नेमकं काय कमी पडतंय हे विंडोज स्वतःच दाखवतं, तेही फुकट.

१. पहिले दोन-तीन दिवस हात लावू नका

अपग्रेडनंतर विंडोज फायलींची सूची नव्याने बनवतं, राहिलेली अपडेट्स उतरवतं, व्हायरस तपासणी करतं. लॅपटॉप चार्जरला लावून, स्लीप बंद करून एक रात्र चालू ठेवा. वनड्राइव्हवरही लक्ष असू द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर परस्पर क्लाउडवर चढवायला त्याने सुरुवात केली असेल, तर डिस्क आणि इंटरनेट दोन्ही अडकून पडतात. शिवाय मोफत जागा ५ जीबीच. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावरून सिंक थांबवता येतं.

अपग्रेडच पटलं नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने पहिल्या १० दिवसांत मागे जाता येतं. ती सोय 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरवर चालते, म्हणून निर्णय होईपर्यंत ते पुसू नका.

२. टास्क मॅनेजर उघडा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. रोजची कामं चालू ठेवा आणि परफॉर्मन्सच्या पानावर पाच मिनिटं नजर ठेवा. तीन गोष्टी बघायच्या.

डिस्क सतत ९०-१०० टक्क्यांवर आहे आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकडो मिलिसेकंदांत जातोय? मग दोष डिस्कचा. तिथेच डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) हेही लिहिलेलं असतं.

मेमरी ८५-९० टक्के भरलेली आहे? 'कमिटेड'चा, म्हणजे चालू प्रोग्रामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा, आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा मोठा असेल, तर रॅममध्ये न मावलेला माल विंडोज डिस्कवर टाकत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी डिस्कही व्यस्त दिसते, म्हणून हे दोन्ही आकडे एकत्र वाचा.

सीपीयूचा वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलाय, तोही काम चालू असताना? हे उष्णतेचं किंवा चार्जरचं लक्षण. काही लॅपटॉपांना बसवलेला चार्जर ओळखता आला नाही, तर ते प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात. बाजारातला स्वस्त चार्जर लावला असेल, तर आधी मूळ चार्जर लावून बघा.

३. फुकटचे उपाय

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्सची यादी आहे. टीम्स, गाणी वाजवणारी ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटर कंपनीचे सहायक हे सगळं डिसेबल करा. ॲप पुसलं जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅडचे प्रोग्राम तसेच राहू द्या.

नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग चालवणारा प्रोग्राम) गळालाय. व्हिडिओ अडखळणं, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त न होणं ही त्याचीच लक्षणं. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सीरियल नंबर कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकून ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची तिऱ्हाईत सॉफ्टवेअर नकोत. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनर तर मुळीच नकोत. त्यांनी लॅपटॉप वेगवान होत नाही, बिघडण्याची शक्यता मात्र वाढते.

सी ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये टेम्पररी फाइल्सची यादी मिळते. त्यात डाउनलोड्सचाही चौकोन असतो. त्यावर टिक केलीत तर तिथली लग्नपत्रिकांपासून पॅन कार्डापर्यंतची सगळी पीडीएफ जातील.

पारदर्शक खिडक्या आणि ॲनिमेशन ॲक्सेसिबिलिटीतल्या व्हिज्युअल इफेक्ट्समधून बंद होतात. जुन्या ग्राफिक्सवर थोडा फरक जाणवतो, फार नाही.

उष्णतेकडे मात्र लक्ष द्या. मे महिन्यात गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा ओढूच शकत नाही. चार वर्षांत एकदाही उघडला नसेल, तर पंख्यापुढच्या जाळीत धुळीचा थर नक्की असतो. चांगल्या माणसाकडून तो साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्या.

४. पैसे खर्च करायचे तर इथे

दुसऱ्या पायरीत डिस्कपुढे एचडीडी लिहिलेलं दिसलं असेल, तर बाकी सगळं राहू द्या आणि एसएसडी घ्या. जुन्या लॅपटॉपला याहून मोठा लाभ दुसऱ्या कशाने होत नाही. मिनिटाला ५४०० फेरे मारणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायलाच ११ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वेगवेगळ्या जागांवरून वाचायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून तिला एकेका वाचनाला मिलिसेकंदाचा जेमतेम दहावा भाग पुरतो.

बहुतेक जुन्या लॅपटॉपांत २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी बसते. एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल, तर ती साटा आहे की एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान पद्धत) हे मॉडेलच्या माहितीत बघूनच खरेदी करा. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या, पण प्रत्येक खाच दोन्ही चालवतेच असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर जुनी डिस्क नाहीतर तिचा फोटो बरोबर न्या.

डिस्क बदलली म्हणून विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. जुनी डिस्क क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करता येते, पण वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला असेल तर मी नव्याने विंडोज टाकायच्या बाजूचा आहे. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरतं. त्याआधी फायलींची प्रत दुसरीकडे काढा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. ती हाती नसेल तर जुन्या डिस्कमधलं काहीच उघडणार नाही.

रॅमचं उत्तरही टास्क मॅनेजरमध्येच आहे. मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर '२ पैकी १' असं दिसलं, तर एक जागा रिकामी आहे. त्यात जुळणारी दुसरी पट्टी टाकून ८ जीबी तरी करा. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे इलाज नाही.

५. एवढं करूनही भागत नसेल तर

४ जीबी रॅम बोर्डावर आणि ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच जोडलेली, संथ) साठवण, अशा लॅपटॉपवर विंडोज ११ चा हट्ट सोडलेला बरा. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यावर बरी चालते, मराठी टाइप होतं, ब्राउझर आणि लिबरऑफिस मिळतं. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा डिजिटल सहीचं यूएसबी डोंगल लागणाऱ्यांना ही वाट सोयीची नाही. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय आणि प्रिंटर चालला तरच डिस्कवर टाका.

काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की फोटोंच्या बॅकअपला उपयोगी पडते. मात्र त्या फोटोंची ती एकमेव प्रत असू देऊ नका. तीही लॅपटॉपइतकीच जुनी आहे.