फिलिप आयलंडवर पेंग्विन बघायला जाताना

मेलबर्नपासून सुमारे 140 किलोमीटरवर, फिलिप आयलंडच्या समरलँड किनाऱ्यावर रोज अंधार पडला की पेंग्विन समुद्रातून बिळांकडे परततात. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. हे जेमतेम 33 सेंटिमीटर उंच, वजनाने किलोभर. पाठ निळसर, पोट पांढरं.

सगळं वेळापत्रक सूर्यास्तावर चालतं. डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पाच वाजून गेले की लगेच. त्याआधी तासभर पोचा. मेलबर्नहून गाडीने दोन तास धरा. डिसेंबर-जानेवारीत तिकिटं लवकर संपतात, आधीच काढून ठेवा. परतायला रात्र होते, म्हणून बसच्या भरवशावर न जाता स्वतःची गाडी किंवा टूर घ्या.

जानेवारी म्हणजे तिथला उन्हाळा, तरीही कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच. बसायच्या पायऱ्या उघड्यावर आहेत आणि बास सामुद्रधुनीचा वारा थेट अंगावर येतो. बुडाखाली घ्यायला घडीची चादर न्या. पावसासाठी रेनकोट, छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही.

फोटो-व्हिडिओला पूर्ण बंदी आहे. फ्लॅश बंद केल्याची खात्री असूनही तो चुकून उडतोच, आणि पक्षी बिचकतात. मोबाइल पिशवीत टाका. स्क्रीनच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तसंही अंधारातलं काही दिसत नाही.

नजर वाळूवर नको, लाट फुटते तिथे ठेवा. पाण्यावर गडद डाग सरकताना दिसला की थवा आला समजा. लाट ओसरते आणि फेसात पाच-दहा पांढरी पोटं उभी दिसतात. एक पुढे होतो, थबकतो. एखादा सीगल हलला की सगळे पुन्हा पाण्यात. उघड्या वाळूवर शिकारी पक्ष्यांची भीती असते, म्हणून ते अंधाराची आणि सोबतीची वाट बघतात. अशा वेळी कुणी उठून उभं राहिलं तर थवा आणखी खोळंबतो.

पहिला थवा आल्यापासून साधारण 50 मिनिटांत बहुतेक पक्षी वर येतात. बरेच लोक दोन-तीन थवे बघून थेट गाडीकडे निघतात, आणि इथेच खरी मजा हुकते. वीसेक मिनिटांनी हळूच उठा आणि लाकडी पायवाटेने अगदी सावकाश परत या. बिळं वाटेच्या दोन्ही बाजूंना आहेत. ओल्या पिसांचा पेंग्विन हातभर अंतरावरून डुलत जातो, उन्हाळ्यात भुकेलं पिल्लू आईबापाच्या चोचीला टोचत मागे धावतं. कठड्याबाहेर हात काढू नका. (इथे एकेकाळी घरांची वसाहत होती. सरकारने 1985पासून ती विकत घेत घेत 2010मध्ये पूर्ण रिकामी केली. फार मोलाचं काम झालं ते.)

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उसवलेल्या गादीसारखा दिसणारा पक्षी बिळाशी उभा असेल तर तो आजारी नाही, पिसं बदलतोय. सुमारे 17 दिवस त्याला पोहता येत नाही, म्हणून खाणंही नाही. त्याला तसाच राहू द्या.

गाडी सुरू करण्याआधी वाकून चारही चाकांमागे आणि गाडीखाली बघा. पेंग्विन तिथे जाऊन बसतात. बेटावरून बाहेर पडेपर्यंत वेग कमी ठेवा, रस्त्यावर वॉलबी (कांगारूसारखे छोटे प्राणी) येतात.